जर्मनीतले विद्यार्थिजीवन आणि संथ गाड्यांची भटकंती : आखनहून

सह्यवाटसरू (धागाकर्ता)

परदेशी शिक्षणाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात प्रवेश, व्हिसा आणि नोकरी यांची चर्चा भरपूर असते. पण विमानतळावरचे फोटो काढून झाल्यावर पुढची दोन वर्षे माणूस आठवडा कसा काढतो, काय शिजवतो आणि कोणत्या गाडीत बसून कुठे जातो, हे फारसे वाचायला मिळत नाही. मी पुण्यात यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि आता जर्मनीतील आखन येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की येथे विद्यार्थ्याचा दिनक्रम आणि त्याची भटकंती या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ज्या पासावर तो वर्गात जातो त्याच पासावर तो ऱ्हाइनकाठी जातो, आणि तो केव्हा व किती लांब जाणार हे परीक्षेचे वेळापत्रक ठरवते.

आखन हे जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमांना टेकलेले शहर आहे. लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास आहे आणि १८७० साली सुरू झालेल्या तांत्रिक विद्यापीठाचे विद्यार्थीच त्यात ४५ हजारांच्या घरात आहेत. त्यामुळे सकाळच्या बसमध्ये पाठीवर पिशवी नसलेला माणूस शोधावा लागतो. शहराच्या मध्यभागी एलिझेनब्रुनेन नावाची खांबांची इमारत आहे. तेथे गंधकाचे ऊन पाणी सतत वाहत असते, आणि वज्रेश्वरीच्या कुंडांवर जाऊन आलेल्या माणसाला तो वास वेगळा सांगावा लागणार नाही. या पाण्यासाठीच रोमन लोक येथे आले आणि पुढे शार्लमेन बादशहाने आपला राजवाडा येथे बांधला. त्याच्या काळातले, म्हणजे इसवी सन ८०० च्या सुमाराचे अष्टकोनी प्रार्थनागृह आजच्या कॅथेड्रलच्या पोटात उभे आहे. ८१४ मध्ये त्याला तेथेच पुरले, आणि ९३६ पासून १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक त्याच जागी होत राहिले. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली तेव्हा तीत हे कॅथेड्रल होते. माझा ग्रंथालयाचा रस्ता त्याच्या बाजूनेच जातो, आणि पहिल्या काही आठवड्यांनंतर मीही इतरांसारखा मान वर न करता तेथून चालू लागलो.

अभ्यासाची पद्धत आपल्याकडून आलेल्या मुलांना सुरुवातीला फसवते. व्याख्यानांना सहसा हजेरी नसते, अंतर्गत गुण जवळजवळ नसतात, आणि बहुतेक विषयांत सत्राच्या शेवटच्या एका परीक्षेवर सगळे अवलंबून असते. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि व्याख्याने फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात. त्यानंतर जो काळ कागदावर सुट्टी म्हणून दिसतो त्यातच परीक्षा पसरलेल्या असतात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विचारणारे कोणी नसते, आणि मार्चमध्ये एकाच विषयासाठी खोलीत कोंडून घ्यावे लागते. एकच विषय तीन वेळा नापास झाला तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो, आणि मग निवास परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. निकालानंतर ठरलेल्या दिवशी आपली तपासलेली उत्तरपत्रिका प्रत्यक्ष पाहता येते, तपासणाऱ्यासमोर बसून शंका विचारता येते, आणि गुण वाढवूनही मिळू शकतात. त्यासाठी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, चलन आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे, असा प्रकार नसतो.

दुपारचे जेवण मेन्झा नावाच्या विद्यार्थी खानावळीत होते. विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे यांना तेथे वेगवेगळे दर लागतात आणि शाकाहारी पदार्थ रोज असतो, पण तो बहुधा बटाटा, पास्ता किंवा चीज यांच्या आसपासच फिरत राहतो. त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात करावा लागतो, आणि तेथे फोडणी हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. विजेची तबकडी तापायलाच वेळ लागतो; मोहरी तडतडण्याची वाट पाहत उभे राहावे तर ती तडतडत नाही, आणि एकदा तडतडली की तबकडी लगेच निवत नसल्यामुळे जिरे डोळ्यांदेखत काळे पडते. म्हणून आधी कॉरिडॉरकडचे दार लावून घ्यायचे, मग खिडकी सताड उघडायची, मोहरी फुटली की पातेले तबकडीवरून उचलून हातात धरायचे आणि हिंग, मिरची, कढीपत्ता हवेतल्या हवेतच टाकायचा. या क्रमात हयगय झाली तर छतावरचा धूरसूचक किंचाळू लागतो आणि चौथ्या मजल्यावरचे लोक झोपेच्या कपड्यांत जिन्यात येऊन उभे राहतात.

रविवारी दुकाने बंद असतात. बेकरी, स्थानकावरची दुकाने आणि पेट्रोलपंप सोडले तर कायद्यानेच सारे मिटलेले असते, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी किराणा दुकानात जत्रा भरते. त्याच रांगेत बाटल्या परत करणारेही असतात, कारण प्लॅस्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती रक्कम क्षुल्लक वाटत नाही. आखनकरांना मात्र एक पळवाट आहे. शहराची बस थेट सीमेपलीकडच्या फाल्स या डच गावात जाते, आणि तेथील दुकाने रविवारी उघडी असतात. कांदे संपले म्हणून दुसऱ्या देशात जाऊन येणे ही गोष्ट आईला फोनवर पहिल्यांदा सांगितली, तेव्हा तिला मी थट्टा करतो आहे असेच वाटले.

आता मुख्य विषयाकडे येतो. मे २०२३ पासून जर्मनीत एकच मासिक पास देशभर चालतो. तो सुरुवातीला ४९ युरोंना होता, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना झाला. २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून अनेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना तो या किमतीच्या साठ टक्क्यांत, सत्रशुल्काबरोबरच मिळतो. बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि सर्व प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात, पण लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. मला ही अट फायद्याची वाटते. कोलोनहून फ्रँकफुर्टला जाणारा जलद गाडीचा मार्ग २००२ मध्ये सुरू झाला. ती गाडी तासाभरात पोचवते, पण ऱ्हाइन सोडून बोगद्यांतून जाते. आमच्या पासाची गाडी जुन्या मार्गाने, नदीच्या काठाकाठाने, गावोगावी थांबत जाते.

आखनहून कोलोन साधारण तासाभरावर आहे, आणि स्थानकातून बाहेर पडताच समोर १५७ मीटर उंचीचे कॅथेड्रल उभे असते. तेथून दक्षिणेकडे निघताना डाव्या हाताच्या खिडकीशी बसावे, कारण नदी त्या बाजूला असते. रेमागेनला १९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकन सैन्याच्या हाती लागलेल्या आणि दहा दिवसांत कोसळलेल्या पुलाचे काळे बुरूज दिसतात. कोब्लेन्झला मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते, आणि त्यापुढचा बिंगेनपर्यंतचा टप्पा हा या साऱ्या प्रवासाचा गाभा आहे. नदी अरुंद होते, दोन्ही काठांवर उभ्या उतारावर द्राक्षमळे चढत जातात, आणि एक किल्ला वळणाआड जातो न जातो तोच दुसरा पुढे येतो. लोरेलायचा कडा पलीकडच्या काठावर आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्याच्या उंचीचे कौतुक वाटणार नाही, पण त्याच्या पायथ्याशी नदी ज्या तऱ्हेने वळते आणि मालवाहू नावा तेथे ज्या बेताने वळण घेतात, ते पाहण्यासारखे आहे.

कोब्लेन्झला दक्षिणेऐवजी मोझेलच्या काठाने वळले तर कोखेमवरून ट्रिअरला जाता येते. तेथे रोमनांचा काळवंडलेला दगडी दरवाजा अजून शाबूत आहे, आणि कार्ल मार्क्सचे जन्मघरही त्याच गावात आहे. ट्रिअरहून लक्झेंबर्ग तासाभराच्या आत येते. त्या देशाने २०२० मध्ये सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी मोफत केली असल्याने आपला पास सीमेपर्यंत चालतो आणि सीमेनंतर तिकीटच लागत नाही. आखनपासून पाच-सहा तास लागतात, दोन-तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते, आणि एखादी जोडगाडी चुकली तर त्याहून जास्त. तरीही त्या दिवशी वेगळे भाडे पडत नाही, हे विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोठे आहे.

जवळची जागा विचाराल तर मी तीन देशांच्या हद्दीचा डोंगर सांगेन. ३२२ मीटर उंचीचा हा फाल्सजवळचा डोंगर म्हणजे नेदरलँड्सच्या युरोपातील भूमीवरचे सर्वोच्च ठिकाण आहे. पर्वतीपेक्षा फार मोठी चढण नाही. तेथे एका खांबाभोवती तीन पावलांत तीन देश होतात. एके काळी तेथे चार हद्दी मिळत असत. जस्ताच्या एका खाणीवर हक्क कोणाचा यावर राजेरजवाड्यांचे एकमत न झाल्याने १८१६ मध्ये मोरेसने नावाचा एक चिमुकला तटस्थ प्रदेश निर्माण केला गेला, आणि तो १९२० मध्ये बेल्जियमकडे जाईपर्यंत टिकला. १९०८ च्या सुमारास तेथील काही मंडळींनी एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचे राज्य स्थापण्याचाही घाट घातला होता. आपल्याकडे जत-अक्कलकोटच्या गावांना हद्दीचा प्रश्न किती जड जातो हे पाहिलेले असल्यामुळे, हद्दीवर बटाट्याच्या कापांची गाडी पाहून मला जरा नवल वाटले.

सीमा दिसत नसली तरी कागद जवळ ठेवावेत. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे, त्यामुळे पॅरिस किंवा ब्रसेल्सहून रात्रीच्या बसने परतताना पोलीस आत येऊन पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड मागू शकतात. मोबाइलमधला फोटो त्यांना चालत नाही.

इतर शहरांतील सभासदांनी आपले मार्ग आणि आपली रोजची घडी येथे लिहावी, ही विनंती.

कराडकर मास्तर

आपला लेख दोनदा वाचला. माझी कन्या येत्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीस शिकण्यास जाणार आहे, त्यामुळे माझ्या शंका प्रवाशाच्या नसून बापाच्या आहेत, हे आधीच सांगतो. बँकेतील बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरावयास सांगितले आहेत. त्या रकमेत महिना खरोखर निघतो काय, हे कृपया कळवावे. दुसरे असे, की आपण जोडगाडी चुकण्याचा उल्लेख सहज करून गेलात. परंतु एकट्या मुलीची गाडी एखाद्या लहान स्थानकावर रात्री चुकली तर तिने काय करावे, याविषयी कोणी भगिनींनी लिहिल्यास मी आभारी राहीन.

सह्यवाटसरू

सर, त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. वसतिगृहात जागा मिळाली तर खोलीचे तीनशे ते चारशे, तीस वर्षांखालील विद्यार्थ्याच्या आरोग्य विम्याचे एकशे चाळीसच्या आसपास, किराण्याचे दोनशे आणि फोनचे दहा-पंधरा युरो असा हिशेब आहे. याशिवाय प्रत्येक घरामागे रेडिओ-दूरदर्शनचे १८.३६ युरो मासिक शुल्क असते. घरात दूरदर्शन संच नसला तरी ते भरावेच लागते, मात्र एका सदनिकेत चौघे राहत असतील तर चौघांत मिळून एकदाच. सहा महिन्यांचे सत्रशुल्क बाजूला काढल्यावरही दीडशे ते अडीचशे युरो उरतात. आखनमध्ये हे जमते. म्युनिकमध्ये खोलीचे भाडेच हा सारा हिशेब उधळून लावते.

खरी ओढाताण पहिल्या दोन महिन्यांत होते, कारण घराची अनामत एकदम द्यावी लागते आणि बंद खात्यातले पैसे मात्र येथे बँक खाते उघडल्यानंतरच हप्त्याने मिळू लागतात. तिच्याजवळ दीड-दोन हजार युरो वेगळे असू द्यावेत. घरमालकाकडून राहत असल्याचा सहीचा कागद घेऊन दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आणि पुढची बहुतेक सरकारी कामे त्या नोंदणीवर अडतात. म्हणून नोंदणीला परवानगी नसलेली खोली स्वस्त असली तरी घेऊ नये.

एल्बेकाठी

मास्तर, मी ड्रेस्डेनमध्ये संशोधन करते आणि पहिल्या वर्षापासून एकटीच फिरते, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. भीती वाटावी असे प्रसंग माझ्यावर आलेले नाहीत, पण गैरसोय पुष्कळ होते, आणि ती टाळण्याचा उपाय वेळापत्रकात आहे. लांबच्या प्रवासात परतीची शेवटची गाडी कधीही धरू नये. शेवटून दुसरी किंवा तिसरी धरावी, म्हणजे एखादी रद्द झाली तरी मागे एक उरते. गाडी बदलायची ती मोठ्या शहरात, जेथे स्थानक रात्रीही जागे असते. लहान स्थानकांवर संध्याकाळनंतर कर्मचारी नसतो, प्रतीक्षालयाला कुलूप असते, आणि जानेवारीत उणे पाच अंशांत तासभर फलाटावर उभे राहणे ही चोरापेक्षा खरी अडचण असते. आपल्या मुलीला थर्मास, चार्ज केलेली बॅटरी आणि जाड मोजे यांची सवय लावा. पोलीस आणि रुग्णवाहिका यांचे क्रमांक अनुक्रमे ११० आणि ११२ आहेत.

धागाकर्त्याच्या मार्गांत पूर्वेची भर घालते. ड्रेस्डेनहून लोकलने कुरोर्ट रातेनला उतरावे, एल्बे नदी होडीने ओलांडावी आणि बास्टायच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर चढावे. सुळक्यांना जोडणारा दगडी पूल १८५१ चा आहे. लोक सकाळी दहानंतर लोंढ्याने येतात, म्हणून मी पहिल्या लोकलने जाते. नदीवर धुके असते, आणि खालच्या होडीचा फक्त आवाज येतो. पायथ्याच्या गावात खाणे महाग पडते, तेव्हा डबा सोबत असावा.

जुनी पासधारक

हे वाचून मला गोटिंगेनचे दिवस आठवले. मी नव्वदीच्या दशकात तेथे शिकत होते. तेव्हा मार्क हे चलन होते, आणि १९९५ मध्ये रेल्वेने शनिवार-रविवारचे एक तिकीट काढले, ज्यात पंधरा मार्कांत पाच जणांना सर्व संथ गाड्यांतून देशभर फिरता येत असे. त्याची किंमत पुढे वाढत गेली आणि २०१९ मध्ये ते बंदच झाले, असे वाचले.

तुमच्या आणि आमच्या फिरण्यात मोठा फरक हा, की तुमचा पास एकट्याचा आहे आणि आमचे तिकीट पाच जणांचे होते. शनिवारी सकाळी फलाटावर अनोळखी मुले ‘आम्ही तिघे आहोत, आणखी दोघे हवेत’ असे विचारत फिरत असत, आणि आपण हो म्हटले की तीन-तीन मार्क काढून तिकीट व्हायचे. त्यामुळे कुठे जायचे हे पुष्कळदा आपण ठरवत नसू. ज्या टोळीत जागा मिळाली ती जिकडे जाई तिकडे आपण. गोस्लार मी असेच पाहिले आणि एरफुर्टही. परतीच्या वेळी टोळी फुटली तर पंचाईत होई, कारण तिकीट एकाच्याच खिशात असे. त्या प्रवासांत माझे जर्मन जेवढे सुधारले तेवढे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत सुधारले नव्हते, आणि वर्ग वाईट होते असे माझे अजिबात म्हणणे नाही. आता प्रत्येकाच्या हातात आपापला पास आणि कानात आपापले यंत्र असते. तुमची पिढी गाडीत कोणाशी बोलते का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

हार्त्स पर्वतातल्या ब्रोकेन शिखराविषयी एक नोंद करते. ११४१ मीटरचे हे शिखर पूर्व जर्मनीच्या लष्करी हद्दीत असल्याने डिसेंबर १९८९ पर्यंत सामान्य माणसाला बंद होते. आम्ही गेलो तेव्हा सोबतची साठीची बाई तेथे पहिल्यांदाच आली होती, आणि तिचे गाव खाली तीस किलोमीटरवर होते.

हप्तेवाला

सर्वांच्या उत्साहाला थोडा लगाम घालतो, कोणी रागावू नये. मी चार वर्षांपूर्वी येथे शिकायला आलो आणि अजून कर्ज फेडतो आहे. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज साचत राहते, आणि युरो शंभर रुपयांच्या आसपास असताना तीस युरोंची एक निवांत सहल म्हणजे घरच्यांचे तीन हजार रुपये असतात. पास स्वस्त आहे हे मान्य; पण प्रवासात माणूस कॉफी पितो, भूक लागते, पाऊस आला तर निवारा म्हणून संग्रहालयाचे तिकीट काढतो. शिवाय शनिवार-रविवार हेच हॉटेलात किंवा गोदामात काम मिळण्याचे दिवस असतात. १ मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि किमान वेतन आता तासाला १३.९० युरो आहे. तेव्हा प्रत्येक सहलीची खरी किंमत तिकीट अधिक बुडालेला रोजगार अशी धरायला हवी. दर आठवड्याला नवा किल्ला दाखवणारी मुले पाहून गावाकडच्या पालकांना वाटते, की जर्मनीत सगळे फुकट आहे.

एल्बेकाठी

हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच मांडला आहे. मी अशी मुले पाहिली आहेत ज्यांनी दोन वर्षे दर शनिवारी गोदामात खोकी उचलली, त्या थकव्यात विषय मागे टाकले, आणि एका सत्राने पदवी लांबवून वाचवलेल्या पैशांहून अधिक पैसे खोलीभाड्यात घातले. काम करायचेच असेल तर विद्यापीठातच प्राध्यापकांकडे सहायक म्हणून करावे. ते तास या १४० दिवसांत मोजले जात नाहीत, काम विषयाशी जोडलेले असते, आणि रविवार मोकळा राहतो. दर आठवड्याला किल्ला पाहावा असे मीही म्हणणार नाही. महिन्यातून एक दिवस पुरतो, आणि तोही परीक्षेच्या नोंदणीच्या तारखा पाहून.

सह्यवाटसरू

हप्तेवाला यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. फेब्रुवारी-मार्च आणि जुलै ते सप्टेंबर या काळात मी आखनच्या बाहेर क्वचितच जातो. मात्र सोबत डबा घेतला की कॉफी आणि संग्रहालय हे दोन्ही टाळता येते. ऱ्हाइनकाठचा तो सारा टप्पा मी गाडीत दशम्या आणि लसणाची चटणी खात पाहिला आहे, आणि समोरच्या आजोबांनी चटणीचा वास घेऊन खिडकी किंचित उघडली. जुनी पासधारक यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. त्यानंतर आम्ही कोब्लेन्झपर्यंत बोलत होतो. आपण पहिले वाक्य जर्मनमध्ये टाकले की वयस्क माणसे मोकळेपणाने बोलतात. मुले मात्र आपण म्हणता तशीच आहेत.

पिठलंभाकरी

दशमीचा विषय निघाला म्हणून पिठाविषयी लिहितो, कारण पहिल्या महिन्यात सगळे यातच अडकतात. येथे पिठाच्या पिशवीवर आकडा असतो. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा, आणि आकडा वाढेल तसे पीठ अधिक कोंड्याचे होत जाते. १०५० क्रमांकाच्या गव्हाच्या पिठात थोडे अख्ख्या गव्हाचे पीठ मिसळले तर पोळी लाटता येते आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. भारतीय दुकानातल्या आट्याच्या जवळपास निम्म्या पैशांत काम होते. कोथिंबीर, भेंडी, वांगी आणि डाळी तुर्की दुकानांत मिळतात, आणि कोथिंबीर तर तेथे जुडीने मिळते, चार काड्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीत नाही. क्वार्क नावाचा जो पदार्थ दुधाच्या कपाटात असतो तो चाळीस टक्के स्निग्धांशाचा घ्यावा, रात्रभर फडक्यात टांगावा आणि साखर, वेलदोडा घालून घोटावा. पाडव्याला वसतिगृहातल्या सगळ्या देशांच्या मुलांनी पातेले चाटूनपुसून संपवले. कुकर भारतातूनच आणावा, मात्र तळ सपाट आणि जाड असलेला, नाहीतर येथल्या तबकडीवर तो नीट बसत नाही. पहिल्या शिट्टीआधी शेजाऱ्यांना कल्पना द्यावी.

कराडकर मास्तर

आपणा सर्वांचा ऋणी आहे. हिशेबाचा कागद करून भिंतीस लावला आहे, आणि सपाट तळाच्या कुकरची चौकशी सौभाग्यवतींनी आजच केली. आणखी एकच विचारतो. पुढील वर्षी मे महिन्यात आम्ही उभयतां कन्येस भेटावयास येण्याचा विचार आहे. हा पास आमच्यासारख्या पाहुण्यांना मिळतो काय, की तो केवळ तेथील रहिवाशांसाठी आहे?

सह्यवाटसरू

सर, पास पाहुण्यांनाही मिळतो, पण तो महिन्याच्या वर्गणीच्या स्वरूपात असतो आणि आपोआप पुढे चालू राहतो. तुमच्या नावाने, १ मेपासून सुरू होणारा घ्यावा. तो कॅलेंडरच्या महिन्यासाठी असतो, त्यामुळे २० तारखेला आलात तर उरलेले बाराच दिवस मिळतात. फक्त मे महिन्यापुरता हवा असल्यास १० मेच्या आत रद्द करावा, नाहीतर जूनचे पैसेही कापले जातात. तपासनीस आला की पासाबरोबर पासपोर्टही दाखवावा लागतो. संथ गाड्यांत आसन राखून ठेवता येत नाही, म्हणून तुम्ही दोघांनी शनिवार-रविवार टाळून मंगळवारी किंवा बुधवारी, सकाळी नऊनंतर कोलोनहून निघावे. तोवर कचेरीला जाणाऱ्यांची गर्दी उतरलेली असते आणि डाव्या बाजूच्या खिडक्या रिकाम्या मिळतात.